दुसरी हार्ड डिस्क लावली, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही? 'ओके' दाबण्याआधी हे वाचा



धंदा सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं की एक दिवस सी ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल होते. जागा संपली. फोटो स्टुडिओवाल्याला हे एका लग्नसराईत दिसतं. फ्लेक्स आणि डीटीपी करणाऱ्याला थोडं उशिरा. अकाउंट्सचं काम घरून करणाऱ्या ताईंना आणखी उशिरा, पण दिसतं नक्की. मग आपण बाजारात जाऊन दुसरी हार्ड डिस्क आणतो, कॅबिनेट उघडून लावतो, मोठ्या उत्साहाने 'धिस पीसी' उघडतो, आणि तिथे जुनेच ड्राइव्ह बसलेले. नव्याचा पत्ता नाही.

इथे बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'डिस्क खराब दिली' म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. नाहीतर स्क्रीनवर जे काही विचारलं जाईल त्याला 'ओके, ओके' करत सुटतात. पहिल्यात फक्त एक दिवस वाया जातो. दुसऱ्यात काही वेळा तीन वर्षांचे हिशोब किंवा गिऱ्हाईकाच्या लग्नाचे फोटो जातात. म्हणून आज नुसतं 'इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा' असं सांगणार नाही. आत नेमकं काय होतं ते कळलं की क्लिक आपोआप बरोबर पडतात.

डिस्क म्हणजे नवा गाळा

समजा तुम्ही मार्केटमध्ये नवीन गाळा घेतला. बिल्डरने फक्त चार भिंती दिल्या आहेत. आधी गाळ्याचा नकाशा पालिकेच्या दप्तरी लागतो. मग आत पार्टिशन पडतात, मग रॅक बसतात, मग शटरवर गाळा नंबर लागतो. हे होईपर्यंत माल ठेवता येत नाही आणि कुरिअरवालाही तुम्हाला शोधू शकत नाही.

नव्या हार्ड डिस्कचं अगदी तसंच आहे. नकाशा दप्तरी लावणं म्हणजे 'इनिशिअलाइझ'. भिंती घालणं म्हणजे पार्टिशन. रॅक बसवणं म्हणजे फॉरमॅट. आणि गाळा नंबर म्हणजे डी, ई, एफ ही ड्राइव्हची अक्षरं. 'धिस पीसी'मध्ये सहसा फक्त नंबर लागलेले गाळे दिसतात. कोरी डिस्क तिथे दिसत नाही, आणि तो दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. एक्स्टर्नल डिस्क बहुतेक वेळा कंपनीतून फॉरमॅट होऊनच येते, म्हणून ती लावल्या लावल्या दिसते. आत बसवायची डिस्क कोरी येते. एवढाच फरक, पण यावर कितीतरी भांडणं झाली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क लावून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं की विंडोज एक खिडकी दाखवतं: 'यू मस्ट इनिशिअलाइझ अ डिस्क…' म्हणजे नकाशा सापडत नाही, नवा काढू का? डिस्क नवीकोरी असेल तर खुशाल हो म्हणा. पण डिस्क जुनी असेल, तिच्यात कधीतरी काही साठवलेलं असेल, तर कॅन्सल दाबा. कारण तिथे नकाशा आहे, फक्त विंडोजला वाचता येत नाहीये. तुम्ही हो म्हणालात की जुन्या नकाशावर नवा छापला जातो. माल आतच पडून राहतो, पण कुठे काय आहे हे सांगणारा कागद गेला. मग रिकव्हरीवाल्याकडे हात जोडून उभं राहायचं.

याचं एक उदाहरण दुकानदारांच्या बाबतीत फार होतं. दुकानात चोरी झाली, सीसीटीव्हीचा डीव्हीआर बंद पडलाय, म्हणून कुणीतरी डीव्हीआरमधली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडतो. बरेचसे डीव्हीआर स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने लिहितात, जी विंडोजला कळत नाही. विंडोज म्हणतं, डिस्क कोरी आहे, इनिशिअलाइझ करू? आणि ज्या फुटेजसाठी हा खटाटोप केला, ते एका क्लिकवर हाताबाहेर जातं. अशी डिस्क तशाच डीव्हीआरमध्ये लावून बघायची असते, कॉम्प्युटरमध्ये नाही.

आधी केबल, मग कॉम्प्युटर

डिस्क मॅनेजमेंटमध्येही डिस्क दिसत नसेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटर शटडाउन करा, मागचं बटण बंद करून वायर भिंतीतून काढा, पुढचं पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. पावसाळ्यात कोकणात याची फार गरज पडत नाही, पण कोरड्या हिवाळ्यात, त्यात पायाखाली सतरंजी असेल, तर जरूर करा.

साटा हार्ड डिस्कला दोन केबल लागतात. छोटी, ७ पिनांची, डेटाची. ती मदरबोर्डकडे जाते. मोठी, १५ पिनांची, विजेची. ती एसएमपीएसकडून येते. दोन्हीची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असते, त्यामुळे उलटी बसत नाही. नवखा माणूस हमखास एकच केबल लावतो आणि दुसरी विसरतो.

चालू केल्यावर डिस्कवर हलकेच बोट ठेवा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागली की बारीक थरथर जाणवते. थरथर नाही म्हणजे वीज पोचत नाही: केबल बदला, एसएमपीएसचं दुसरं टोक वापरा. थरथर आहे पण डिस्क दिसत नाही, तर डेटा केबल बदला आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. डेटा केबल स्वस्त असते आणि तीच जास्त दगा देते. एक जादा केबल खणात ठेवलेली बरी. आणि टकटक, टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. 'अजून एकदा बघू' करायचं नाही. जुन्या डिस्कमध्ये डेटा असेल तर प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे उरलेली आशा कमी करणं.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिली: ज्या एसएमपीएसच्या केबल काढता-घालता येतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल कधीही लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. केबल छान बसते, आणि जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ व्होल्ट जातात. डिस्क जागच्या जागी संपते, सोबत जुनी चांगली चाललेलीही. 'बसली म्हणजे बरोबर असेल' हा हिशोब इथे चालत नाही.

दुसरी: जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधून साटा करून देणारे स्वस्त अडॅप्टर. त्यातले प्लास्टिकमध्ये एकसंध ओतलेले प्रकार आत शॉर्ट होऊन वितळल्याचे, जळाल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. दुकान बंद करताना कॉम्प्युटर चालूच ठेवायची सवय असेल तर अशा अडॅप्टरच्या वाटेला जाऊच नका.

आपल्यापैकी बरेच जण भांडवल वाचवायला रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घेतात. निर्णय चांगला आहे, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण घेण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. अनेक छोट्या ऑफिस पीसीत दुसऱ्या डिस्कसाठी जागाच नसते, किंवा जागा असते पण विजेचं टोक एकच असतं. काहींत डिस्कची वीज एसएमपीएसऐवजी मदरबोर्डवरून येते आणि त्याची केबल त्या मॉडेलचीच लागते. ती आधी मागून घ्या, नंतर शोधत फिराल.

बायोसमध्ये डोकावा

केबल ठीक असतील तर पुढची चौकशी बायोसमध्ये. कॉम्प्युटर चालू होताना एफ२ किंवा डिलीट (काहींत एफ१० किंवा एफ१) दाबत राहायचं. तिथे 'स्टोरेज' किंवा 'साटा' नावाचा भाग असतो. त्यात तुमच्या डिस्कचं मॉडेल दिसलं की निम्मं काम झालं. मदरबोर्डने डिस्क ओळखली आहे, उरलं ते विंडोजचं.

दिसलं नाही तर बघा, तो पोर्ट 'डिसेबल्ड' तर नाही ना. ऑफिससाठी बनवलेल्या पीसीत एकेक पोर्ट बंद-चालू करता येतो आणि आधीच्या कंपनीच्या आयटीवाल्याने तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

एम डॉट टू एसएसडीवाल्यांसाठी इथे खास अडचण आहे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी ही एसएसडी दोन जातींची येते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला भाऊ-भाऊ, पण भाषा वेगळी. स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटा पट्टी बसूनही दिसणार नाही, आणि स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई दिसणार नाही. शिवाय अनेक मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात, कारण आतला रस्ता एकच असतो. म्हणजे नवी एसएसडी लावली आणि जुनी, व्यवस्थित चालणारी डिस्कच गायब झाली! माणूस घाबरतो. काही झालेलं नसतं, जुन्या डिस्कची केबल शेजारच्या पोर्टला लावायची. कोणता पोर्ट बंद होतो याचा तक्ता मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतो. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून ते फुकट मिळतं.

आता विंडोज

स्टार्ट बटणावर राईट क्लिक करा, यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. डावीकडच्या राखाडी चौकोनात डिस्कचं नाव, उजवीकडे तिचे भाग. डिस्कबद्दलच्या आज्ञा डाव्या चौकोनावर राईट क्लिक केल्यावर मिळतात, भागांबद्दलच्या उजव्या पट्टीवर. 'सर, तो ऑप्शनच येत नाही' असं म्हणणारे दहापैकी नऊ जण चुकीच्या बाजूला क्लिक करत असतात.

कोणतीही आज्ञा देण्याआधी आकार वाचा. तुमची नवी डिस्क १ टीबीची असेल तर ती सुमारे ९३१ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलं नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १,००० जीबी धरते, विंडोज १,०२४च्या पटीत मोजतं. २ टीबीची डिस्क १,८६३ जीबी दिसते, ४ टीबीची ३,७२५ जीबी. दोन डिस्क सारख्याच आकाराच्या असतील तर आकारावरून ओळखू नका. शंका असेल तर बंद करून जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा आणि मग काम करा. (विंडोज ज्या डिस्कवर आहे ती नाही हं, नाहीतर कॉम्प्युटर चालूच होणार नाही.)

कोरी डिस्क असेल तर डावीकडे 'नॉट इनिशिअलाइझ्ड' लिहिलेलं दिसेल. तिथे राईट क्लिक करून 'इनिशिअलाइझ डिस्क'. विंडोज विचारेल, एमबीआर की जीपीटी? आजच्या कॉम्प्युटरवर जीपीटी घ्या. एमबीआर ही १९८३ सालापासूनची पद्धत. तिला साधारण २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. ४ टीबीची डिस्क एमबीआर केली तर २,०४८ जीबी वापरता येते आणि उरलेली जागा, जिचे तुम्ही पैसे मोजलेत, ती नुसती काळी पट्टी होऊन पडून राहते.

मग उजवीकडच्या 'अनॲलोकेटेड' लिहिलेल्या काळ्या पट्टीवर राईट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे नेक्स्ट-नेक्स्ट. फाईल सिस्टीम एनटीएफएस, 'क्विक फॉरमॅट'ची खूण राहू द्या, आणि 'न्यू व्हॉल्यूम' हे नाव पुसून कामाचं नाव द्या: 'फोटो २०२५', 'हिशोब', काहीही. पट्टीचा वरचा काठ काळ्याचा निळा झाला की डिस्क तयार.

अक्षर निवडताना थोडा विचार करा. टॅलीसारखं सॉफ्टवेअर डेटाचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतं, अक्षरासकट. विंडोजने दिलेलं अक्षर उद्या दुसऱ्याच एखाद्या ड्राइव्हला गेलं, तर सॉफ्टवेअर उघडेल पण कंपनीची यादी रिकामी दिसेल, आणि आपल्या पोटात गोळा येईल. म्हणून डी-ई-एफच्या गर्दीपासून लांबचं, एखादं शेवटाकडचं अक्षर द्या आणि ते पुन्हा बदलू नका.

जुनी डिस्क लावताना दिसणारे शब्द

'ऑफलाइन' दिसलं तर डाव्या चौकोनावर राईट क्लिक करून 'ऑनलाइन' करा. हे बऱ्याचदा क्लोन केलेल्या डिस्कच्या बाबतीत होतं: दोन डिस्कची अंतर्गत सही एकसारखी असते, म्हणून विंडोज एकीला बाहेर उभं करतं.

डिस्क निरोगी दिसते, भागही निळा आहे, फक्त अक्षर नाही? उजवीकडे राईट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'ॲड'. झालं. सगळ्यात सोपं प्रकरण हेच.

'रॉ' दिसलं किंवा 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं विचारलं तर थांबा. रॅकची मांडणी बिघडली आहे, माल बहुधा आत आहे. फॉरमॅट करू नका, आणि कुणी युट्युबवर सांगितलं म्हणून चेकडिस्कही लगेच चालवू नका. ते दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं महागात पडतं. डेटा किमती असेल तर डिस्क काढा, रिकव्हरीच्या चांगल्या माणसाकडे न्या, आणि आधी किती खर्च ते विचारून घ्या.

जुन्या लॅपटॉपची डिस्क लावली आणि कुलपाचं चिन्ह दिसलं, तर ती बिटलॉकरने बंद केलेली आहे. ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप चालू केला होता त्यात ऑनलाइन सापडते. म्हणून कामावरच्या मुलाच्या ईमेलवर दुकानाचा लॅपटॉप चालू करू नका असं मी वारंवार सांगतो.

दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप झाला का?

डिस्क दिसली, आता तिच्यावर काय ठेवायचं? इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: 'दोन डिस्क आहेत, म्हणजे मी सेफ.' जुनी जागा भरली म्हणून फोटो कट करून नव्या डिस्कवर पेस्ट केले, तर फोटोंची प्रत एकच राहिली ना! फक्त जागा बदलली.

आणि दोन्ही डिस्कवर प्रत ठेवली तरी दोन्ही एकाच डब्यात, एकाच एसएमपीएसवर आहेत. व्होल्टेज चढलं की दोघी जातात. रॅन्समवेअर आला तर तो सी, डी, ई असा भेद करत नाही, दिसेल ते सगळं कुलूपबंद करतो. पुराचं पाणी दुकानात शिरलं तर बोलायलाच नको. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने ३-२-१चा नियम लोकप्रिय केला, तो आपल्याला चपखल बसतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आतली दुसरी डिस्क ही दुसरी प्रत. तिसरी एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती कॉम्प्युटरला जोडून न ठेवता संध्याकाळी घरी न्यायची.

आतल्या डिस्कचं काम आपोआप होऊ शकतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाईल हिस्टरी' आहे, ती चालू करून नवी डिस्क निवडली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉपवरच्या फायलींच्या प्रती दर तासाला तिथे जात राहतात. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून 'बॅकअप' घेता येतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप चालतोय की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

जीएसटीत नोंदणी असेल तर हा प्रश्न हौसेचा राहत नाही. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशोब आणि कागदपत्रं सांभाळावी लागतात, म्हणजे सहा वर्षं. इतका काळ एकच हार्ड डिस्क रोज चालून टिकेल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

डिस्क बसवताना शेवटचं एक काम राहिलेलं असतं, पाच मिनिटांचं. लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो मोबाईलने काढा, बिलावरही तोच नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या, आणि कंपनीच्या साइटवर तो टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते तपासा. काही वेळा कॉम्प्युटर कंपन्यांना घाऊक दिलेल्या डिस्क सुट्या विकल्या जातात आणि त्यांची वॉरंटी निर्माता थेट देत नाही. हे पहिल्याच दिवशी कळलं तर परत करता येते. मग मार्करने डिस्कच्या कडेला लावल्याची तारीख आणि आत काय आहे ते लिहा, आणि झाकण बंद करा. लेबलवर काही ठिकाणी श्वासासाठी बारीक भोक असतं, 'हे झाकू नका' असं लिहिलेलं. त्यावर स्टिकर चिकटवू नका.